चेर्नित्साचं खळं

मोत्स लोकांच्या डोंगरात गहू पिकत नाही. तिथे पिकतं ते लाकूड. म्हणून हिवाळाभर घराघरात पिंपं, घंगाळं, बादल्या घडवायच्या आणि उन्हाळा लागला की गाडी लादून खाली मैदानात उतरायचं. भांडं द्यायचं आणि त्याच भांड्यात मावेल तेवढा गहू घ्यायचा, मका असेल तर दुप्पट. निकिफोरचं सगळं आयुष्य या रस्त्यावर गेलं होतं. देशाचा नकाशा त्यानं कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण कुठल्या गावच्या विहिरीचं पाणी मचूळ, कुठल्या गावची कुत्री घोड्यांच्या पायाला झोंबतात, कुठली बाई भांड्याला टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय घेत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. त्याचा मुलगा तोआदेर लढाईत डॉन नदीच्या काठी बर्फात राहिला, परत आला नाही. घरात उरली बायको सिन्फिरा आणि सून राफिला.

लढाई संपून चार वर्षं झाली त्या उन्हाळ्यात निकिफोरच्या गुडघ्यांनी दगा दिला. गाडीवर चढताना त्याला दोन्ही हातांनी पाय उचलून ठेवावा लागे. राफिला म्हणाली, मी येते. गावातले पुरुष हसले. पिंपांच्या गाडीवर बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. एकानं विचारलंसुद्धा, "निकिफोरदादा, पिंपं विकणार आहेस की सून?" निकिफोरनं लाकडी मोगरी, पिंपवाल्याचा हातोडा, राफिलाच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर एका पिंपाच्या फळ्यांभोवतीची सैल कडी ठोकून बसवायला सांगितली. तिनं ती अशी बसवली की फळ्या कुरकुरल्या.

उतरायला लागल्यावर म्हाताऱ्याचं तोंड सुटलं. घरी दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, पण गाडीवर बसला की वेगळाच. तो तिला देशातल्या माणसांच्या गोष्टी सांगायचा. बनातवाला तुला जेवायला बसवेल, पोट फुटेस्तोवर वाढेल आणि मग भावात सगळं वसूल करेल. ओल्तेनियाचा माणूस इतकं बोलेल की तू भांडं फुकट देऊन पळशील. मोल्दोवाचा रडत रडत गाईल आणि गाता गाता तुझा घोडा विकत घेईल. "आणि आपण, मामंजी?" राफिलानं विचारलं. "आपण मोत्स. आपल्याला बघून कुत्रीपण ओळखतात की यांच्याकडे काही नाही. म्हणून आपल्याला सगळीकडे रात्रीपुरती जागा मिळते."

ती हसली. तोआदेर गेल्यापासून ती इतकी हसली नव्हती. मैदान तिनं पहिल्यांदाच पाहिलं. डोंगर संपले आणि आभाळ थेट जमिनीला टेकलं, तेव्हा तिला उघडं पडल्यासारखं वाटलं, जणू कुणी अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं.

पण गावं गप्प होती. पिंपांची गाडी आली की बायका फाटकाशी धावत यायच्या, असं निकिफोर सांगत आला होता. आता फाटकं बंद. कुणी आलंच तर भांड्यावरून हात फिरवायची आणि मान हलवायची. एका म्हातारीनं सांगितलं, गहू खळ्यावर आहे आणि खळ्यावर बंदूक आहे. सरकारचा वाटा आधी मोजून द्यायचा, तो दिल्याशिवाय आपल्याच गव्हाची ओंजळसुद्धा घरी न्यायची नाही. आणि सरकारचा वाटा काढल्यावर खाली काय उरणार, ते कुणालाच माहीत नव्हतं.

असं करत ते चेर्नित्साला पोचले. तिथे निकिफोरचं ठरलेलं घर होतं, फिलिमोन आणि झेनोवियाचं. फिलिमोन चाळिशीतला, रुंद खांद्यांचा, गमत्या माणूस. त्यानं गेल्या वर्षी एक मोठं पिंप सांगून ठेवलं होतं, आलुबुखार आंबवायला. निकिफोरनं ते आणलं होतं. माणूस उभा राहिला तर छातीपर्यंत येईल एवढं. फिलिमोननं त्यात डोकं घालून हाक मारली, आणि आतून आलेल्या आवाजाला म्हणाला, "अरे, हा तर माझ्यापेक्षा सरकारी दिसतो. मी काही म्हणालो की तेच परत म्हणतो."

"हळू बोल," झेनोविया म्हणाली. ती बारीक, काळसर, तडतडी बाई होती. तिनं राफिलाला घरात नेलं, मामालिगा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, ताक आणि कांदा पुढे ठेवला. यंदा एवढंच, असं म्हणताना तिची मान खाली गेली. पाहुण्याला मांस नाही हे तिला लागलं होतं. तिनं राफिलाला तोआदेरबद्दल विचारलं. राफिलानं सांगितलं. झेनोवियानं तिच्या ताटात स्वतःचं ताक ओतलं.

सकाळी फिलिमोन म्हणाला, पिंपाची किंमत मी देणार, आणि गव्हातच देणार. गहू मी पेरला, मी कापला, माझ्या बैलांनी वाहिला. निकिफोरनं त्याला समजावलं, पुढच्या वर्षी दे, पिंप राहू दे. पण फिलिमोनच्या डोक्यात काहीतरी घुसलं होतं. त्यानं पिंप परत गाडीवर चढवलं, आणि गाडी खळ्याकडे निघाली. निकिफोर आणि राफिला गाडीवर, फिलिमोन घोड्यांच्या पुढे चालत. झेनोविया मागून घागरा खोचत आली. रस्त्यातल्या घराघरातून माणसं निघाली आणि गाडीच्या मागे चालायला लागली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

खळ्यावर मळणीयंत्र धडधडत होतं. बाजूला गव्हाचे ढीग, आणि ढिगांभोवती मिलिशियाचे चार शिपाई. त्यांचा हवालदार स्तुपारू नावाचा होता, शेजारच्या तालुक्यातला, लालबुंद मानेचा. त्यानं गाडी थांबवली. फिलिमोननं शांतपणे सांगितलं की तो पिंपवाल्याचं देणं द्यायला आलाय, या पिंपाभर गहू.

स्तुपारूनं पिंपाकडे पाहिलं. मग गाडीकडे, बाकीच्या भांड्यांकडे. "म्हणजे गहू असा बाहेर जातो तर," तो म्हणाला. "डोंगरातले काळाबाजारवाले."

निकिफोर गाडीवरून म्हणाला, की साहेब, आम्ही भांडी विकतो, माझा बाप विकत होता, त्याचा बापही. स्तुपारूनं ऐकून घेतलं, एका शिपायाच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि पहिलं घंगाळ फोडलं. हिवाळाभर चुलीशी बसून तासलेलं लाकूड दोन घावात उघडलं. दुसरं फोडलं. तिसरं. फळ्या धुळीत पडत होत्या. कडी गडगडत गर्दीच्या पायांत जात होती. लोक नुसते उभे होते. राफिलानं निकिफोरकडे पाहिलं. त्याचा चेहरा रिकामा होता.

स्तुपारू मोठ्या पिंपाकडे वळला, तेव्हा म्हातारा गाडीवर सरकत सरकत गेला, दोन्ही हातांनी पाय उचलून आडव्या पिंपाच्या कडेवर बसला आणि तिथेच राहिला. "हे विकलं गेलंय," तो म्हणाला. "आता हे माझं नाही. मला दुसऱ्याची वस्तू फोडू देता येणार नाही."

"उतर, म्हाताऱ्या."

"गुडघे दुखतात."

गर्दीत कुणीतरी हसलं. ते हसणंच नडलं. स्तुपारूनं कुऱ्हाड टाकली, खांद्यावरची बंदूक घेतली आणि दस्त्यानं निकिफोरच्या छातीत मारलं. म्हातारा मागच्या मागे पिंपात कोसळला, पाय वर. स्तुपारूनं त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं, जमिनीवर टाकलं आणि दस्ता डोक्यात घातला. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या वेळचा आवाज ओला होता.

राफिला गाडीवरून कधी उतरली ते तिला नंतरही आठवलं नाही. मोगरी तिच्या हातात होती. तिनं ती कडी बसवताना फिरवतात तशी फिरवली, खांद्यातून, पूर्ण वजन टाकून, आणि स्तुपारूच्या कानाच्या वर मारली. तो एका गुडघ्यावर बसला, जणू काही पडलेलं शोधतोय. त्यानं मान वर केली. तिनं पुन्हा मारलं. मग तो पडला.

क्षणभर फक्त मळणीयंत्राचा आवाज. मग झेनोविया ओरडत गव्हाच्या ढिगात शिरली आणि सगळं गाव तिच्यामागे.

बायकांच्या हातात दाताळी होती, पुरुषांच्या हातात गाडीच्या खुंट्या. एका शिपायानं यंत्रावर चढून गोळ्या झाडल्या. एका मुलीच्या मांडीतून गोळी गेली आणि ती बसली तिथेच बघत राहिली, की हे रक्त कुठून येतंय. त्या शिपायाला दोघांनी पायाला धरून खाली ओढलं. यंत्राचा पट्टा चालूच होता. त्याचा हात त्यात गेला. तो इतक्या जोरात किंचाळला की घोडे उधळायला लागले. बाकीचे तिघे मक्याच्या शेतातून पळाले. कुणीतरी चर्चची घंटा बडवायला लागलं. लोकांनी गहू पोत्यात, ओच्यात, टोपीत भरला. एक म्हातारा दोन्ही बुटांत गहू भरून अनवाणी घरी गेला. स्तुपारू पेंढ्यावर पडला होता, त्याच्या नाकातून फेस येत होता. कुणी त्याच्या जवळ गेलं नाही. दुपारच्या आत तो मेला.

निकिफोर जिवंत होता, पण शुद्धीवर नव्हता. झेनोवियानं त्याचं डोकं बांधलं. फडकं पुन्हा पुन्हा लाल होत होतं. ती राफिलाला म्हणाली, तू निघ, आत्ताच, तुला त्यांनी पाहिलंय. राफिला म्हणाली, गाडीत हादरे बसले तर हे वाटेतच जातील. सकाळी पाहू. फिलिमोन उंबऱ्यात बसला होता. त्याची गंमत संपली होती. "मीच गाडी नेली खळ्यावर," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. झेनोवियानं शेवटी त्याला झापलं, की रडायचं असेल तर गोठ्यात जा, इथे आजारी माणूस आहे.

उजाडताना निकिफोर गेला. नुसता एक मोठा श्वास घेतला आणि तो सोडायचा विसरला. राफिलानं त्याचं तोंड पुसलं, कमरेचा रुंद चामडी पट्टा नीट केला आणि त्याला घोंगडीत गुंडाळून गाडीवर ठेवलं, घरी न्यायला. ती घोडे जुंपत होती तेवढ्यात ट्रक आले.

सैनिकांनी घराघरातून माणसं काढली. बायकांना आणि मुलांना चर्चमध्ये कोंडलं. पुरुषांना चर्चच्या आवारात पालथं झोपवलं, आणि सैनिक त्यांच्या पाठीवरून बुटांनी चालत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. बरगड्या मोडल्याचा आवाज चर्चच्या आत ऐकू येत होता. एकानं मान वर केली तर त्याच्या दातांवर बूट पडला. राफिला परकी होती, गाडीशी सापडली होती, म्हणून तिला कुणी चर्चमध्ये घातलं नाही. तिला गाडीसकट आवारात उभं केलं.

त्यांच्या कॅप्टनचे हातमोजे पांढरे होते. त्यानं विचारलं, हवालदाराला कुणी मारलं. इतक्या लोकांनी पाहिलं होतं, पण कुणी बोललं नाही. कॅप्टन म्हणाला, मग मी निवडतो.

राफिला पुढे झाली. "मी मारलं. या मोगरीनं. माझ्या सासऱ्याला त्यानं मारलं म्हणून."

कॅप्टननं तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा रुमाल, तिचे चिखलाचे बूट, हातातली मोगरी. मग तिच्या थोबाडीत मारली, इतकी की तिच्या कानात शिटी वाजली. "एका बाईनं माझा हवालदार मारला, असं मी वर लिहू?" तो म्हणाला. "घोडे सांभाळ."

त्यानं तीन माणसं बोटानं दाखवली. एक शिक्षक, एक ज्याच्या घराला पत्र्याचं छप्पर होतं तो, आणि फिलिमोन, कारण तो सगळ्यांत अंगानं मोठा होता. तिघांना चर्चच्या भिंतीशी उभं केलं. शिक्षकानं चष्मा काढून खिशात ठेवला. फिलिमोननं राफिलाकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या, जणू म्हणतोय, बघ, काय झालं. मग गोळ्या. भिंतीचा चुना उडाला. तिघंही पडले. आत बायकांचा आवाज उठला, आणि सैनिकांनी दारावर दस्ते मारून तो दाबला.

मढी घरच्यांना द्यायची नाहीत, असा हुकूम होता. गावाबाहेर विटांच्या भट्टीमागे चुन्याचा खड्डा होता, त्यात टाकायची. गाडी जुंपलेली होतीच. कॅप्टननं राफिलाला सांगितलं, हे तीन खड्ड्यात, मग तुझं मढं घेऊन चालती हो. तिच्यासोबत एक नाईक दिला, बुझ्निया नावाचा. देवीच्या व्रणांचा चेहरा, बोलणं ओढून ओढून, मोल्दोवाकडचं.

तिनं एकटीनं तिघांना गाडीवर चढवलं. बुझ्निया हात लावायला पुढे आला नाही. रस्त्यात तो म्हणाला, की डोंगरातली ना तू, लढाईत आमच्या तुकडीत तुमच्याकडचे होते, डॉनच्या काठी. ती मागे पाहत होती. फिलिमोनच्या गालातून गोळी गेली होती, दुसरी खांद्यात होती, आणि त्याच्या गालातून रक्त येत होतं. नुसतं ओघळत नव्हतं, थांबून थांबून येत होतं. मेलेल्याचं रक्त असं येत नाही. तिनं चार बकऱ्या आणि एक सासरा एवढं मरण जवळून पाहिलं होतं, तिला ते कळत होतं.

खड्ड्याशी गाडी थांबली. बुझ्निया उतरला, खड्ड्याकडे पाठ करून एका विटेच्या ढिगावर बसला आणि तंबाखूची विडी वळायला लागला. "मला मोजायला सांगितलंय," तो म्हणाला. "बघायला नाही."

राफिलानं शिक्षकाला उतरवलं. काखेत हात घालून ओढत नेलं आणि खड्ड्यात सोडलं. मग पत्र्याच्या छपरावाल्याला. मग ती गाडीशी आली आणि उभी राहिली. फिलिमोनच्या एका डोळ्याची पापणी हलत होती. शेजारी घोंगडीत निकिफोर. आयुष्यभर भटकलेल्या त्या माणसाची एकच इच्छा होती, जी तो दर हिवाळ्यात बोलून दाखवायचा. पुरायचं ते घरच्या टेकडीवर, बापाच्या शेजारी, जिथून लाकूड तोडल्याचा आवाज येतो.

तिनं घोंगडी सोडली. निकिफोर हलका होता. तिनं त्याला दोन्ही हातांवर घेतलं, ओढलं नाही. खड्ड्यात वाकून ठेवताना त्याची टोपी आणि डोक्याचं फडकं सुटलं आणि पांढरे केस उघडे पडले. ती परत वळली तेव्हा बुझ्निया उभा होता. तो खड्ड्यात बघत होता.

गोळी घातलेल्या तिघांत कुणाचेच केस पांढरे नव्हते. हे त्याला माहीत होतं, तिलाही. मोगरी गाडीच्या पाटीवर होती. राफिलाचा हात तिच्यावर गेला. त्याच्या टोपीखालची कानशिलाची शीर तिला दिसत होती, आणि हात आता शिकलेला होता. ती मारायला तयार होती. हे ती स्वतःशी नंतर कधी नाकारत नसे.

बुझ्नियानं फावडं उचललं, चुना घेतला आणि पहिला चुना निकिफोरच्या डोक्यावर टाकला. केस दिसेनासे झाले. "तीन," तो म्हणाला. त्यानं फावडं तिच्या हातात दिलं. "पुलावर तपासतील. सांग, म्हातारा टायफसनं गेला. आणि चुना टाक, लवकर."

फिलिमोनला तिनं निकिफोरच्या घोंगडीत गुंडाळलं, तोंडासकट. गालात आपला रुमाल फाडून बोळा कोंबला. त्याच्या कानाशी म्हणाली, "मेलायस तू. मेलेलाच राहा."

पुलावर दोन शिपाई होते. तिनं दुरूनच रडायला सुरुवात केली, डोंगरातल्या बायका रडतात तशी, मोठ्यानं, नाव घेऊन, एका एका गोष्टीचा हिशोब मांडत. टायफस म्हटल्यावर एक शिपाई मागे सरला. दुसरा तरुण, हुशारी दाखवणारा. त्यानं घोंगडी उचलली नाही, पण बंदुकीची संगीन तिच्यातून खुपसली. मांडीत. आत गेल्यावर ती फिरवली आणि काढली. घोंगडी हलली नाही. राफिलाचा हंबरडा त्या क्षणी असा फुटला की पहिला शिपाई म्हणाला, "अरे जाऊ दे रे तिला, काय माणूस आहेस तू." गाडी पुलावरून गेली. झाडी लागल्यावर तिनं घोंगडी काढली. फिलिमोननं स्वतःच्या हाताचा तुकडा चावून तोडला होता. तो शुद्धीवर होता आणि तिच्याकडे बघत होता.

सिन्फिरा फाटकाशी उभी होती. गाडीवर रिकामी जागा, घोंगडी आणि सून, एवढं पाहून तिला समजलं. ती पुढे आली, घोंगडी बाजूला केली आणि परक्या माणसाचा सुजलेला चेहरा पाहून थबकली.

"हा कोण?"

"जिवंत आहे, आत्याबाई."

"आणि माझा?"

राफिलानं सांगितलं. सगळं सांगितलं, चुन्यासकट. सिन्फिराच्या हातात सूत कातायची काठी होती. तिनं ती राफिलाच्या खांद्यावर, पाठीवर, हातांवर मारली. राफिला उभी राहिली. काठी मोडली तेव्हा सिन्फिरानं उरलेला तुकडा अंगणात फेकला आणि तिथेच बसली. बऱ्याच वेळानं ती उठली. "याचा पाय सडायला लागलाय," ती म्हणाली. "आलुबुखाराची दारू आण. कडक असेल ती."

फिलिमोन हिवाळाभर त्यांच्या वरच्या गवताच्या खोपट्यात लपून राहिला. ताप, पू, भ्रम, सगळं झालं. वसंतात तो उठला तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं आणि शब्द ओले निघत होते. तो झेनोवियाचं नाव म्हणायचा ते ओळखू येत नव्हतं. सिन्फिरा राफिलाशी फार बोलत नसे. पण ती दोन वेळा खोपट्यात पेज घेऊन जायची. घोटाघोटानं पाजायची. एकदा राफिलानं तिला ऐकलं. ती फिलिमोनला विचारत होती, शेवटी माझा माणूस काय म्हणाला. फिलिमोननं सांगितलं, म्हणाला, गुडघे दुखतात. सिन्फिरा हसली आणि मग खूप रडली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुसऱ्या एका पिंपवाल्यानं बातमी आणली. चेर्नित्सातल्या मारलेल्यांच्या घरच्यांना त्याच आठवड्यात मालगाडीत भरून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, दानुबपलीकडे दोब्रोजियात नेलं होतं. फिलिमोन ऐकून उठला आणि काठी शोधायला लागला. चालत जाणार होता. राफिला त्याला म्हणाली, बस खाली, तोंड उघडलंस की पहिल्याच गावात धरतील, मुका होऊन माझ्या गाडीत ये. तिनं गाडीत भांडी भरली. सिन्फिरानं आतून निकिफोरची दुसरी टोपी आणली आणि फिलिमोनच्या डोक्यावर ठेवली. निकिफोरची ओळखपत्रंही दिली. त्याच्या मरणाची नोंद कुठेच झाली नव्हती.

असा तो देश राफिलानं आडवा ओलांडला, म्हातारा सांगायचा त्या सगळ्या माणसांतून. बनात त्यांच्या वाटेत आलंच नाही. ओल्तच्या काठी एका बाईनं दोन बादल्यांसाठी इतकी घासाघीस केली की राफिलाच्या डोक्याला ताप झाला, आणि शिपाई आले तेव्हा त्याच बाईनं फिलिमोनला आपल्या पावाच्या भट्टीत आत लपवून तोंडाशी पाव भाजायला बारीक आग पेटवली. त्याचे केस होरपळले. पुढच्या एका गावात ठाण्यावर राफिलाला दोन दिवस ठेवलं. सोबतचा मुका म्हातारा असा तरणा कसा दिसतो, हे विचारत तिचा एक दात पाडला. तिनं सांगितलं, मोत्स आहे, आमच्याकडे काही खायला नसतं, म्हणून म्हातारे होत नाहीत. ठाणेदार हसला आणि सोडलं. बाकी गावात लोक विचारत नसत. ताक देत, जागा देत. कुणाच्याच घरात त्या वर्षी माणसं पुरी नव्हती.

दानुब त्यांनी तराफ्यावरून ओलांडली. दोब्रोजियात वारा सतत होता आणि झाड नव्हतं. सरकारी शेतावर कापसाच्या ओळीत बायका वाकल्या होत्या. झेनोविया त्यात होती. काळा रुमाल, आणखी बारीक झालेली. फिलिमोन गाडीतून उतरला आणि ओळीतून तिच्याकडे चालायला लागला, एक पाय ओढत.

तिनं मान वर केली आणि वाकड्या तोंडाचा एक अनोळखी माणूस आपलं नाव घेतोय असं काहीतरी पाहिलं. ती मागे सरली. तिला वाटलं हे नवीन काहीतरी सरकारवाल्यांनी काढलंय, तिला वेड लावायला. तिनं कुदळ उचलली. त्यानं हात पसरले आणि ती कुदळीच्या दांड्यानं त्याला मारत सुटली, हातावर, बरगड्यांवर, कपाळ फुटलं तरी. तो मार चुकवत नव्हता. राफिला धावली आणि तिनं झेनोवियाला मागून कमरेला धरलं. "तोच आहे," ती तिच्या कानात ओरडत राहिली. "तोच आहे, मी आणलाय, तोच आहे."

झेनोवियानं कुदळ सोडली नाही. फिलिमोन ओल्या, तुटक शब्दांत म्हणाला, "कपाळ फोडलंस. आता या पाहुण्याला मांस तरी वाढ."

मग तिनं त्याच्या गालावरचं भोक बोटानं चाचपलं आणि त्याच्या छातीवर मुठी आपटायला लागली. राफिलानं तिला सोडलं.

झेनोवियाला तिथून हलायची परवानगी नव्हती, म्हणून तोच तिथे राहिला, निकिफोर नावाचा मुका मजूर म्हणून. कपाळाच्या जखमेला झेनोवियानं राख लावली. राफिला तीन दिवस त्यांच्या मातीच्या खोलीत झोपली आणि चौथ्या दिवशी उरलेली भांडी मक्याच्या बदल्यात देऊन निघाली. परतीच्या रस्त्यानं ती एकटी होती. गावोगाव ओळखीची माणसं विचारत, म्हातारा कुठे आहे. ती सांगायची, चेर्नित्साला राहिला. आणि मग मोगरी घेऊन, कुणाच्या पिंपाची कडी सैल झाली असेल तर ती ठोकून द्यायची.